दंतविद्येतील विशेषज्ञता : मूळ पदवीचे महत्त्व किती?

प्रवेशपरीक्षांचे निकाल लागू लागले की इस्लामपूर व एकूणच वाळवा तालुक्यातील वैद्यांच्या चिकित्सालयांत औषधाबरोबर सल्लाही मागितला जातो. ऊसबिलाच्या पैशांतून मुलीचे शुल्क भरणारा शेतकरी विचारतो, "मुलीला बी.डी.एस.ला प्रवेश मिळतो आहे, पण कॉलेज फार नावाजलेले नाही. पुढे एम.डी.एस. करायचे झाले तर अडेल का?" बी.ए.एम.एस.च्या अंतिम वर्षात असलेला विद्यार्थी विचारतो, "मला दंतरोगांची आवड आहे, मला एम.डी.एस. करता येईल का?" आणि नुकतेच चिकित्सालय थाटलेला तरुण वैद्य थोडा संकोचून विचारतो, "दोन-चार आठवड्यांचा वर्ग करून दात काढायला शिकलो तर चालेल ना?"

हे तिन्ही प्रश्न वरवर पाहता निराळे आहेत. परंतु त्यांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. विशेषज्ञ होण्याच्या मार्गावर मूळ पदवीला कितपत महत्त्व आहे? या प्रश्नाचे उत्तर 'आहे' किंवा 'नाही' अशा एका शब्दात दिले, तर ऐकणाऱ्याची दिशाभूल होण्याचा संभव फार. म्हणून प्रस्तुत लेखात त्याचे पृथक्करण करून विचार करण्याचे योजिले आहे.

सुश्रुताने घातलेला क्रम

या विचारास आरंभ करण्यास सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील विशिखानुप्रवेशनीय अध्यायाइतके योग्य स्थान दुसरे नाही. विशिखा म्हणजे चिकित्साव्यवसायाचा मार्ग. त्या मार्गावर पाऊल टाकणाऱ्याने काय काय केलेले असावे, हे तेथे क्रमाने सांगितले आहे. त्याने तंत्राचे अध्ययन केलेले असावे, तंत्राचा अर्थ जाणलेला असावा, कर्म प्रत्यक्ष पाहिलेले असावे, स्वतः योग्या म्हणजे हाताचा अभ्यास केलेला असावा, शास्त्र दुसऱ्यास सांगता येण्याइतके अवगत असावे, आणि तो राजानुज्ञात असावा, म्हणजे राजाची अनुज्ञा त्यास मिळालेली असावी.

आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर अध्ययन म्हणजे अभ्यासक्रम व परीक्षा, कर्मदर्शन आणि योग्या म्हणजे रुग्णालयीन प्रशिक्षण, आणि राजानुज्ञा म्हणजे पदवी व नोंदणी. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की राजानुज्ञा इतर गोष्टींची जागा घेत नाही आणि इतर गोष्टी राजानुज्ञेची जागा घेत नाहीत. पदवीचे महत्त्व मोजताना हा भेद मनात ठेवला, तर वरील तीनही प्रश्नांची उत्तरे सुलभ होतात.

पहिला प्रश्न : महाविद्यालय कोणते, गुण किती?

दंतशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षणाची आजची व्यवस्था प्रथम पाहू. बी.डी.एस. हा चार वर्षांचा अभ्यासक्रम असून त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता असते. एम.डी.एस. तीन वर्षांचे असते व त्याच्या नऊ शाखा आहेत. कृत्रिम दंतरोपण, हिरड्यांचे विकार, मुख व जबड्याची शल्यक्रिया, दंतसंरक्षण व रूट कॅनाल, दंतरचना सुधारणा, मुखविकृतिविज्ञान, सार्वजनिक दंतस्वास्थ्य, बालदंतशास्त्र आणि मुखरोगनिदान व क्षकिरणशास्त्र अशा त्या शाखा होत.

या शाखांत प्रवेश नीट-एम.डी.एस. या एकाच राष्ट्रीय परीक्षेतील गुणानुक्रमाने दिला जातो. २०१३ साली न्यायालयीन निर्णयाने या पद्धतीत खंड पडला होता. २०१६ साली तो निर्णय मागे घेतला गेल्यानंतर ही पद्धती स्थिर झाली. पात्रतेसाठी सर्वसाधारण गटातील उमेदवारास ५० पर्सेंटाइलची अट असते; जागा रिक्त राहिल्यास केंद्र शासनाने ही अट शिथिल केल्याचीही उदाहरणे आहेत. शासकीय महाविद्यालयांतील निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. उरलेल्या जागा राज्याच्या प्रवेशप्रक्रियेने भरल्या जातात.

याचा अर्थ स्पष्ट आहे. पदवी कोणत्या गावच्या महाविद्यालयाची, अथवा पदवीपरीक्षेत किती टक्के गुण होते, याने एम.डी.एस.चा गुणानुक्रम ठरत नाही. आपल्या भागापुरते बोलावयाचे तर सांगली येथे, सांगलीनजीक कवलापूर येथे आणि कराड येथे दंतमहाविद्यालये आहेत. त्यांपैकी कोणी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे, तर कोणी अभिमत विद्यापीठाचा भाग आहे. परंतु राष्ट्रीय परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर हा भेद उमटत नाही. त्या शेतकरी पालकास म्हणूनच सांगता येते की, केवळ महाविद्यालयाच्या नावामुळे मुलीचा मार्ग अडणार नाही.

मात्र तेवढ्यावर थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तीन गोष्टींची खातरजमा त्यांनी अवश्य करावी. पहिली, ती पदवी मान्यताप्राप्त असणे. मान्यता नसलेल्या पदवीवर नोंदणी होत नाही आणि नोंदणीशिवाय एम.डी.एस.ला प्रवेश नाही. परदेशातून दंतपदवी घेऊन येणाऱ्यास येथे निराळी चाळणीपरीक्षा द्यावी लागते, हेही ध्यानात असावे. दुसरी, आंतरवासिता ठरावीक तारखेपूर्वी पूर्ण होणे. परीक्षा उत्तीर्ण होऊनही आंतरवासिता लांबल्यामुळे वर्ष वाया जाऊ शकते. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रुग्ण येतात किंवा नाही. इमारत, वसतिगृह आणि माहितीपुस्तिका पाहून परतणाऱ्या पालकांनी एखाद्या सोमवारी सकाळी तेथील नोंदणीखिडकीसमोर अर्धा तास उभे राहावे. दंतखुर्च्या किती आहेत यापेक्षा त्यांवर माणसे किती बसली आहेत, हे पाहावे. परीक्षेचा गुणानुक्रम पुस्तकाने मिळतो. हाताला मात्र रुग्णच शिकवतात.

पदवीच्या वर्षांत नेमके काय घडते?

बी.डी.एस.च्या पहिल्या वर्षीच विद्यार्थ्यास मेणाच्या ठोकळ्यातून एकेक दात कोरावयास लावतात. सुळ्याचा कोन, दाढेची टोके, मुळांची वळणे ही सारी बोटांच्या ओळखीची व्हावीत हा त्यामागील हेतू. पुढे रुग्णाला हात लावण्यापूर्वी कृत्रिम मस्तकातील दातांवर व काढलेल्या मानवी दातांवर पोकळी कोरण्याचा व भरण्याचा सराव होतो. त्यानंतरच रुग्णाच्या खुर्चीपाशी त्यास उभे केले जाते.

आयुर्वेदाच्या अभ्यासकास यात काही नवल वाटू नये. योग्यासूत्रीय अध्यायात सुश्रुताने प्रत्येक शस्त्रकर्मासाठी सरावाचे द्रव्य नेमून दिले आहे. आहरण म्हणजे खेचून काढण्याच्या कर्माचा सराव फणस, तोंडली व बेलफळ यांच्या गरावर आणि मृत पशूंच्या दातांवर करावा, असे तेथे सांगितले आहे. सर्व शास्त्र पढलेला असूनही ज्याने योग्या केलेली नाही तो कर्मास अयोग्य होय, असाही तेथील अभिप्राय आहे. मेणाचा दात आणि मृत पशूचा दात यांत शतकांचे अंतर असले तरी तत्त्व एकच आहे : पहिली चूक जिवंत माणसाच्या मुखात होऊ नये.

मूळ पदवीचे खरे महत्त्व येथे आहे. प्रवेशाच्या दिवशी ती केवळ पात्रतेचा दाखला असते. पण प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यापासून तिच्यात मिळविलेले किंवा गमावलेले सारे उघडे पडते. ज्याने पदवीच्या वर्षांत रुग्ण टाळले, त्याला एम.डी.एस.च्या तीन वर्षांतील बराच काळ मागची उणीव भरून काढण्यात घालवावा लागतो.

दुसरा प्रश्न : बी.ए.एम.एस. नंतर एम.डी.एस.?

याचे उत्तर निःसंदिग्ध आहे. एम.डी.एस.साठी बी.डी.एस. हीच मूळ पदवी लागते, बी.ए.एम.एस. किंवा एम.बी.बी.एस. चालत नाही. ही रेषा निसर्गाने आखलेली नाही, ती समाजाने व कायद्याने आखली आहे, हे मान्य केले पाहिजे. अमेरिकेत बाल्टिमोर येथे १८४० साली स्वतंत्र दंतमहाविद्यालय स्थापन झाले आणि दंतविद्या सामान्य वैद्यकापासून वेगळी शिकविण्याचा प्रघात पडला. इटलीत मात्र १९८० साली स्वतंत्र दंतपदवी सुरू होईपर्यंत वैद्यकीय पदवीधरच दंतचिकित्सा करीत. ब्रिटनमध्ये मुख व जबड्याच्या शल्यविशारदास आजही वैद्यक व दंत अशा दोन्ही पदव्या लागतात. भारतात त्याच शाखेसाठी दंतपदवी पुरेशी ठरते. देशपरत्वे रेषा बदलते. परंतु रेषाच नाही असा सुव्यवस्थित देश आढळत नाही.

आपल्या देशात पहिले दंतमहाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी कलकत्ता येथे १९२० साली काढले. तोपर्यंत व त्यानंतरही दीर्घकाळ अनुभवाने शिकलेले, पदवी नसलेले दंतवैद्य गावोगावी होते. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने त्यांना एकदम बाहेर काढले नाही. नोंदवहीचे दोन भाग केले गेले : मान्य पदवीधरांचा 'अ' भाग आणि काही वर्षे व्यवसाय केलेल्या पदवीविरहितांचा 'ब' भाग. ही सवलत त्या पिढीपुरती होती. पुढील पिढ्यांसाठी पदवी अनिवार्य झाली. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला, त्यातही पदवी व नोंदणी हाच पाया आहे. एखाद्या विद्येचा पदवीविरहित अवस्थेकडून पदवीबद्ध अवस्थेकडे होणारा प्रवास कसा असतो, हे या इतिहासातून दिसते. वैद्यांच्या नोंदणीचा इतिहासही याहून फार निराळा नाही.

तर मग दंतरोगांची आवड असलेल्या बी.ए.एम.एस. विद्यार्थ्याने काय करावे? त्याच्यासाठी स्वतःच्या शास्त्रातील राजमार्ग उपलब्ध आहे. तो म्हणजे शालाक्यतंत्रातील एम.एस. (आयुर्वेद). मुखरोग हे शालाक्याचे अविभाज्य अंग आहे. सुश्रुताने मुखरोग पासष्ट मानले असून त्यांतील पंधरा दंतमूलांचे व आठ दंतांचे आहेत. वाग्भटाने ही संख्या पंचाहत्तर सांगितली आहे. कृमिदंत, दंतहर्ष, दंतशर्करा, शीताद, उपकुश ही वर्णने आजही बाह्यरुग्ण विभागात पदोपदी आठवतात. वीस शस्त्रांच्या गणनेत दंतशंकूचा समावेश आहे. दंतमूलांस इजा न करता शर्करा काढावी हा संकेतही तेथे आहे. या विषयाचा अभ्यास आजही चालू आहे; जालंधर बंधाच्या साहाय्याने दात काढण्याच्या पद्धतीवर जामनगर येथील संस्थेत काम झालेले आहे.

या मार्गाचा प्रवेशही आता अखिल भारतीय आयुष पदव्युत्तर परीक्षेच्या गुणानुक्रमाने होतो. म्हणजे येथेही बी.ए.एम.एस. कोठून केले यापेक्षा परीक्षेत काय केले यास महत्त्व आहे. परंतु विद्यार्थ्याने एक गोष्ट डोळसपणे समजून घ्यावी. शालाक्याच्या तीन वर्षांत नेत्र, कर्ण, नासा, कंठ, शिर व मुख असा मोठा प्रदेश सामावलेला असतो. एम.डी.एस.चा विद्यार्थी चार वर्षे मुख्यतः दंत व मुख शिकून, मग त्याच्या नवव्या भागासाठी आणखी तीन वर्षे देतो. दोन्ही विशेषज्ञता आदरणीय आहेत, पण त्या एकच नव्हेत. एकीची पाटी लावून दुसरीचे काम करणे हा दोन्ही शास्त्रांचा अवमान होय.

नोव्हेंबर २०२० ची अधिसूचना आणि तिचा योग्य अर्थ

या संदर्भात तत्कालीन केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेने नोव्हेंबर २०२० मध्ये काढलेल्या अधिसूचनेचा उल्लेख आवश्यक आहे. पदव्युत्तर शिक्षणात शल्याची ३९ व शालाक्याची १९ कर्मे विद्यार्थ्याने शिकावीत अशी सूची तीत होती. दंतविभागात सैल दात काढणे व रूट कॅनाल उपचार यांचा समावेश होता. भारतीय वैद्यक संघाने ११ डिसेंबर २०२० रोजी देशव्यापी बंद पाळला आणि अधिसूचनेस सर्वोच्च न्यायालयात आव्हानही दिले. आधुनिक दंतवैद्यांच्या संघटनेनेही विरोध नोंदविला.

त्या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. परंतु आपल्या काही बांधवांनी त्या अधिसूचनेचा जो अर्थ घेतला तो मात्र निश्चितच चुकीचा होता. ती सूची शल्य व शालाक्य या विषयांत पदव्युत्तर प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्यांपुरती होती, प्रत्येक बी.ए.एम.एस. पदवीधरास दात काढण्याचा परवाना देणारी ती नव्हती, हे त्याच वेळी स्पष्ट करण्यात आले होते. पुढे २०२१ साली परिषदेची जागा राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाने घेतली. म्हणून ज्यास या मार्गाने जावयाचे आहे त्याने ऐकीव माहितीवर न विसंबता आयोगाची प्रवेशवर्षी लागू असलेली नियमावली स्वतः वाचावी.

तिसरा प्रश्न : अल्पकालीन वर्ग

आता तिसऱ्या, सर्वांत संकोचाने विचारलेल्या प्रश्नाकडे वळू. तरुण वैद्याची अडचण खरी आहे. खेड्यातील रुग्ण दाढ धरून येतो, सांगली किंवा कराडला जाण्यास त्याच्यापाशी दिवसाची मजुरी सोडण्याची सोय नसते, आणि 'वैद्यबुवा, एवढी दाढ काढून टाका' असा आग्रह होतो. काही आठवड्यांत दंतकर्म शिकवून प्रमाणपत्र देण्याच्या जाहिरातीही त्याच्या वाचनात येतात.

अशा प्रमाणपत्रास राजानुज्ञेचे स्थान नाही, हे पहिले उत्तर. परंतु केवळ कायद्याचा धाक दाखवून हा विषय संपविणे योग्य नव्हे. कारण कायद्याआधी रुग्णाचा जीव आहे. हलणारी दाढ काढणे हे दिसावयास सोपे कर्म आहे. पण तो रुग्ण हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणारे औषध घेत असेल तर रक्तस्राव आवरणे कठीण होते. मधुमेह अनियंत्रित असेल तर जखम चिघळते. अस्थिसौषिर्यासाठी किंवा कर्करोगासाठी काही विशिष्ट औषधे चालू असतील तर दात काढल्यावर जबड्याचे हाड मृत होण्याचा धोका असतो. हृदयाची कृत्रिम झडप असेल तर मुखातील जंतू रक्तावाटे तेथवर पोहोचू शकतात. वरच्या दाढांची मुळे गालातील अस्थिविवराला लागून असतात. खालच्या दाढेचा संसर्ग जिभेखाली व मानेत उतरला तर श्वासमार्ग बंद होऊन काही तासांत प्राणावर बेतते. हे सारे ओळखण्याची दृष्टी चार आठवड्यांत येत नाही.

येथे पुन्हा सुश्रुताचे स्मरण होते. वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो काढू नये, अतिरक्तस्रावाने घोर उपद्रव होतात, असा इशारा त्याने दिला आहे. त्या वचनाची आजच्या शारीराशी शब्दशः सांगड घालण्याचा अट्टहास करू नये. आज योग्य प्रशिक्षित हातांनी वरचे दात निर्धोकपणे काढले जातात. परंतु दंतकर्म ज्ञात असलेला, शस्त्र हाती असलेला शल्यतज्ज्ञ आचार्यही जेथे थांबण्यास सांगतो, तेथे अल्पशिक्षिताने किती सावध असावे, हा बोध त्यातून घेणे उचित होय.

बी.ए.एम.एस. पदवीचे मुखरोगातील खरे कार्यक्षेत्र

याचा अर्थ सामान्य वैद्याने रुग्णाच्या मुखाकडे पाहूच नये असा मुळीच नाही. उलट आपल्या भागात त्याची नितांत आवश्यकता आहे. महाराष्ट्रात गुटखा जुलै २०१२ पासून प्रतिबंधित आहे. तरी तंबाखू-चुन्याची सवय घरोघर आहे, आणि दात घासण्याच्या निमित्ताने मिश्री लावणाऱ्या माताभगिनी आजही खेडोपाडी आहेत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे त्यांना सांगणारा पहिला मनुष्य बहुधा गावचा वैद्यच असतो.

वैद्य नाडी पाहतो, जिव्हा पाहतो. त्याच वेळी विजेरीच्या प्रकाशात गालांची आतील बाजू, जिभेच्या कडा व तळ, हिरड्या आणि टाळू पाहण्यास एक मिनिट पुरते. दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, पांढरा किंवा तांबडा चट्टा, कारणाशिवाय हलू लागलेला दात, मानेत लागणारी गाठ, किंवा तीन बोटे आत जाणार नाहीत इतके कमी उघडणारे तोंड, यांपैकी काहीही आढळल्यास गंडूषाचे द्रव्य बदलत बसू नये. रुग्णास चिठ्ठी देऊन त्याच आठवड्यात सांगली, मिरज किंवा कराड येथील दंत अथवा कर्करोग विभागाकडे पाठवावे, आणि तो गेला की नाही याची चौकशी करावी. मुखकर्करोग लवकर ओळखला गेला तर उपचार सोपा व यशस्वी होण्याचा संभव पुष्कळ वाढतो. गंडूष, कवल, प्रतिसारण, दंतधावनाचा योग्य विधी आणि व्यसनमुक्तीचा आग्रह ही आपली कर्मे आपल्या पदवीच्या पूर्ण अधिकारातली आहेत. त्यांत कोणाच्या अनुज्ञेची वाण नाही.

उपसंहार

सारांश, मूळ पदवीचे महत्त्व तीन ठिकाणी तीन प्रकारचे आहे. दाराशी ती निर्णायक असते : कोणती पदवी आहे यावर कोणते दार उघडेल हे ठरते, आणि तेथे तडजोड नाही. रांगेत ती जवळजवळ निरर्थक असते : महाविद्यालयाचे नाव व पदवीचे टक्के यांनी आज क्रम लागत नाही. आणि दाराच्या आत, रुग्णाच्या खुर्चीपाशी, ती पुन्हा सर्वस्व होते. मात्र तेव्हा ती कागदाच्या रूपाने नव्हे, हाताच्या व नजरेच्या रूपाने उपयोगी पडते.

म्हणून पालकाने नावापेक्षा रुग्णसंख्या पाहावी, विद्यार्थ्याने शालाक्याची घटिका कधी चुकवू नये, आणि तरुण वैद्याने दाढेच्या चिमट्याआधी विजेरी विकत घ्यावी. जो वैद्य स्वतःच्या पदवीची मर्यादा ओळखून रुग्णास वेळेवर पुढे पाठवितो, त्याची प्रतिष्ठा गावात कमी होत नाही. परत आलेला रुग्ण ती वाढवितो, असाच आपल्यापैकी अनेकांचा अनुभव आहे.

इति शम्।